राखणीला गुरुजी

आमचे हे शाळेतून निवृत्त झाले आणि पोरानं पुण्याहून दुर्बीण पाठवली. तेव्हापासून आमच्या अंगणात संसार कमी आणि पाखरं जास्त. थंडी पडली की हे मफलर गुंडाळून खुर्चीत बसणार, आणि मी भांडी घासायला निघाले की कुजबुजणार, "हळू, हळू! परीट आलाय!" परीट म्हणजे शेपटी हलवणारं चिमूटभर पाखरू. त्याच्यापायी मी माझ्याच अंगणात चोरासारखी चालायची!

गेल्या दिवाळीनंतर शेजारचं जोडपं ऊस तोडायला कारखान्याकडं निघालं. आमच्या अंगणाला लागूनच त्यांचा ज्वारीचा तुकडा. वर्षाची भाकरी तेवढीच. जाताना ती बाई यांना म्हणाली, "गुरुजी, तुमी घरीच हायेत. कणसं भरली की तेवढी राखण करा." हे छाती फुगवून म्हणाले, "अगदी निर्धास्त जा." मी कपाळावर हात मारला. अख्ख्या चौसाळा गावात पाखरांपासून ज्वारी राखायला हिला हाच माणूस सापडला!

पौषात कणसांत दूध भरलं आणि भोरड्या आल्या. काळ्या-गुलाबी, कुठल्या कुठल्या मुलखातून आलेल्या, थवेच्या थवे. आधी आमच्या अंगणातल्या कडुलिंबावर बसून कलकलाट करायच्या, मग सगळ्या मिळून ज्वारीत. हे डबा बडवायचा सोडून डोळ्याला दुर्बीण लावून बसले. "अगं, रंग बघ! काय रंग हाय!" मी चूल सोडून पळत आले, थाळी बडवली, तोवर बांधाकडची कणसं रिकामी झाली होती.

"रंग बघून झाला असंल तर आता तिला काय सांगायचं ते बी बघा," मी म्हणाले. मला लई राग आला होता, आणि रडूही.

यांनी दुर्बीण कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी उजाडताच डबा घेऊन बांधावर. वर्गात ज्यांचा आवाज कधी मागच्या बाकापर्यंत गेला नाही, ते आता हाऽऽ हूऽऽ करत ज्वारीच्या ताटांतून धावत होते.

नेमका तेव्हाच पोरगा कॅमेरा घेऊन आला, खास भोरड्यांसाठी. आईबापासाठी सुट्टी मिळत न्हाई, पाखरांसाठी मिळाली! लिंबावरून थवा खाली यायला लागला तसा म्हणतो, "बाबा, जरा गप्प बसा ना. उतरू द्या त्यांना. एकच फोटो!"

"फोटो खातील का रे ते लोक वर्षभर?"

हे असे ओरडले की सगळा थवा भर्रकन वर उठला. पोरगा दचकला, पण बटण दाबायला विसरला नाही.

तो फोटो त्यानं गावाच्या ग्रुपवर टाकला. आभाळभर भोरड्या, आणि खाली हात वर करून, तोंड वासून उभे असलेले हे. वर लिहिलं, 'पाहुण्यांचं स्वागत करताना पक्षिप्रेमी बाबा.' दिवसभर फुलं आणि जोडलेले हात येत राहिले. कुणीतरी सत्काराचं काढलं. हे लाजेनं धड जेवलेसुद्धा नाहीत.

संध्याकाळी उसाच्या फडावरून त्या बाईचा फोन आला. यांनी तो माझ्या हातात कोंबला. बांधाकडच्या कणसांचं कसं सांगावं, ते मी मनात जुळवत होते.

"काकू, फोटू बघितला," ती म्हणाली. "आमी दोघांनी मोठा करू करू बघितला. गुरुजींच्या मागं आमची ज्वारी उभी हाय की वो!"