दुपारी ओढलेला कागद

मिरचीच्या रोपांसाठी परसात मी स्वतःच्या हातांनी कमानीची शेड उभारली. दोन्ही बाजूंना लोखंडी गज ठोकले, त्यांवर पाण्याचे काळे पाइप वाकवून बसवले आणि गार सकाळी वरून प्लास्टिकचा कागद असा ताणून बांधला, की टिचकी मारली तर ढोलकीसारखा वाजावा. दुपारी पाहतो तर तोच कागद वाऱ्यावर फडफडत होता आणि एका गाठीपाशी फाटायला आला होता.

शेजारच्या कमलवहिनी कैक वर्षं रोपं तयार करून विकतात. त्यांनी कुंपणावरूनच ओळखलं. "भावजी, गारव्यात बांधलात ना? उन्हात तो सैल पडणारच. आता सोडा आणि आत्ताच ओढा."

भर उन्हात सगळ्या गाठी सोडल्या, घाम पुसत पुन्हा आवळल्या. कागद हाताला मऊ, अगदी शरण आल्यासारखा लागत होता. आजवरचे माझे बहुतेक निश्चय पहाटेचे, हे तेव्हा लक्षात आलं. मन ताजं असताना केलेले, आणि दहा वाजेपर्यंत कुठे ढिले पडले ते कळूही न देणारे. ज्या घटकेला मन सगळ्यात सैल असतं, त्या घटकेला मी कधी काही बांधायला गेलोच नव्हतो.

ऊन उतरलं तसा कागद आपसूक आवळत गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी टिचकी मारली; छान वाजला. तरी मी थांबलो. बारा वाजता पुन्हा मारली, आणि मगच रोपांचे ट्रे आत नेले.