प्रस्तावनेचे खिळे

"मागची बाजू जास्त वाचनीय आहे बरं का," सर म्हणाले आणि त्यांच्या व्हरांड्यात जमलेली माणसं खो खो हसली.

सर शाळेचे हेडमास्तर आणि नगरातले मोठे साहित्यिक. माझ्या कादंबरीचं बाड त्यांच्या मांडीवर होतं. नगरच्या एका छापखान्यात मी शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचो. कोरा कागद परवडत नव्हता, म्हणून वाया गेलेल्या प्रुफांच्या पाठीवर लिहिलं होतं. सरांनी पान उलटलं. मागं कुठल्याशा पतपेढीचा अहवाल होता. तो त्यांनी चढ्या आवाजात वाचून दाखवला. मग पुन्हा माझी बाजू. पहिलं प्रकरण. उसाच्या फडात एक बाई बाळंत होते आणि आठवड्याच्या आत मोळी डोक्यावर घेते. ती माझी आई. ते बाळ मी.

"काय रे, तुमच्याकडच्या बायका अशाच बाळंत होतात? जनावरांसारख्या?"

पुन्हा हशा. ते सगळे खुर्च्यांवर, मी पायरीवर. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मीही हसलो. दात काढून हसलो. कारण मला सरांची प्रस्तावना हवी होती.

माझी मती अशी का फिरली होती? मी पुस्तकं वाचून लेखक झालो नाही, जुळवून झालो. जेवढी पुस्तकं या हातांखालून गेली, त्या सगळ्यांत आधी कुणा मोठ्या माणसाची प्रस्तावना. मला वाटायचं, नियमच आहे तसा. तलाठ्याच्या सहीशिवाय उतारा नाही, तसं प्रस्तावनेशिवाय पुस्तक नाही. पुण्याच्या दोन प्रकाशकांना बाड पाठवून झालं होतं. एकाने परत पाठवलं. दुसऱ्याकडून मीच जाऊन आणलं, तेव्हा त्याची दोरीसुद्धा सुटलेली नव्हती. मग म्हटलं, आपणच छापू.

मालक आडवे आले नाहीत. म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी ये. खिळे वापर, मशीन वापर, उरलासुरला कागद घे. पण सरांची प्रस्तावना आण बाबा. वाचनालयांनी कुठली पुस्तकं घ्यायची ती यादी तेच करतात. त्यांचं नाव नसलं तर गठ्ठे इथंच पडून राहतील."

म्हणून एकीकडे सुट्टीच्या दिवशी कादंबरी जुळवत-छापत गेलो, दुसरीकडे सरांच्या घरी खेटे घालत राहिलो. कधी सर झोपलेले, कधी पूजेत, कधी घरात असून घरात नाहीत. त्यांच्या माडीवर पाण्याच्या घागरी वाहिल्या. तेव्हा बहात्तरचा दुष्काळ चालू होता, नळाला पाणी नव्हतं. चार महिन्यांनी प्रस्तावना मिळाली. दीड पान. मी ती न वाचताच कपाळाला लावली. हो, लावली.

त्याच सुट्टीला पहाटेच जुळवायला बसलो. खिळे जुळवणारा वाचत नसतो. वाचायला लागला की हात मंदावतो, चुका होतात. डोळ्याने अक्षर उचलायचं, हाताने खिळा. अर्थाशी आपला संबंध नाही. त्यामुळे दीड पान पुरं झालं, प्रूफ काढलं, घडी करून खिशात घातलं, तरी त्यात काय लिहिलंय हे मला धड कळलं नव्हतं. सरांनी माझ्यावर लिहिलंय, एवढ्यावरच मी खूश होतो. आईला दाखवायला म्हणून एसटी धरून पाथर्डीकडे निघालो.

आई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. दुपारची सुट्टी झालेली. बायका कामावर वाटलेली सुकडी खात बसल्या होत्या. त्यांच्यासमोर मी मोठ्या दिमाखात कागद उघडला आणि वाचायला लागलो.

"प्रस्तुत लेखक ऊसतोडीच्या अडाणी वर्गातून आलेला आहे. त्याच्याकडून कलेची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. जिथे जगणेच पशुवत, तिथे संस्कार कुठून येणार? वाचकांनी हे बोबडे बोल दयाबुद्धीने स्वीकारावेत."

वाचता वाचता आवाज खाली गेला. पण थांबलो नाही. शेवटपर्यंत वाचलं.

आईने सुकडीचा हात पदराला पुसला.

"ह्यो मानूस कंदी आल्ता आपल्या फडावर?"

"न्हाई आला."

"मंग ह्येला काय ठावं? आन् दया कर म्हनून ह्येला सांगाया गेल्तं कोन?"

मीच गेलो होतो. चार महिने जात होतो. आईला जनावर म्हणणाऱ्याच्या घागरी वाहत होतो, आणि त्याने ते छापायला दिलं तर मी माझ्याच हाताने एकेक अक्षर उभं केलं होतं. सरांचा राग नंतर आला. आधी स्वतःची शिसारी आली.

आईने हातोडी उचलली.

सोमवारी छापखान्यात गेलो. जुळवलेली प्रस्तावना दोरीने बांधून तशीच ठेवलेली होती. दोरी सोडली. एकेक खिळा काढून ज्याच्या त्याच्या खणात टाकला. जुळवताना वाचलं नव्हतं, आता मात्र शब्द न् शब्द वाचत होतो. दया. बोबडे. पशुवत. दुपारपर्यंत दीड पान संपलं.

त्याच संध्याकाळी सर प्रूफ बघायला आले. मालक खुर्ची पुसायला धावले.

"माझी प्रस्तावना झाली का जुळवून?"

"झाली होती. सोडून टाकली," मी म्हणालो. "नको मला."

सरांना आधी कळलंच नाही. मग तोंड लाल झालं. "अरे, माझ्या नावाशिवाय तुझं पुस्तक हातात कोण धरील?"

"कुणी नाही धरलं तर नाही धरलं. माझ्या आईला जनावर म्हणणारं पान मी छापणार नाही."

सर तरातरा निघून गेले. त्यांच्या शाळेचं सगळं छापकाम आमच्याकडे असायचं. मालकांनी त्यांच्या मागे पळत जाऊन माफी मागितली. परत आले ते माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस." माणूस वाईट नव्हता. घाबरट होता.

कादंबरी निम्मी छापून झाली होती. ते गठ्ठे मी डोक्यावर वाहून खोलीवर आणले. वरचे कागद पिवळे पडायला लागलेत. उरलेली निम्मी हाताने लिहिलेलीच आहे. नगरमधले दोन छापखाने मला दारात उभे करत नाहीत. तिथे सरांचा निरोप आधीच पोचलाय. राग येतो. सकाळी उठलो की येतो, गठ्ठ्यांकडे बघितलं की येतो. तो गिळायचं मी आता सोडलंय.

श्रीरामपूरला एका छापखान्यात माणूस हवाय म्हणतात. तिथे जाईन. तिथून काढलं तर पुढच्या गावी. उरलेली पानं जुळवीन, छापीन, शिवीन आणि पुस्तक घेऊन पाथर्डीच्या बाजारात गोणपाटावर बसेन. पुढे कुणाची प्रस्तावना नसेल, मागे कुणाचे आशीर्वाद नसतील. कुणी विचारलं, शिफारस कुणाची? तर सांगेन, कुणाचीच नाही. वाचायचं तर वाच. नाहीतर खाली ठेव आणि पुढे हो.