तळ्याकाठचं खळं

रानकुत्र्यांनी सांबराला तळ्यात रेटलं होतं. पाणी त्याच्या पोटाला लागलेलं. दोन कुत्री जिवंतपणीच त्याचं मांस ओढत होती आणि ते मान ताठ करून समोरच्या कड्याकडे पाहत होतं. कड्यावर सोनकी पिवळीधमक फुललेली. माझ्या हातात दगड कधी आला, कळलंच नाही.

सखारामदादांनी माझं मनगट धरलं. राष्ट्रीय उद्यान होण्याआधी त्यांचं गाव इथंच होतं. आता ते आमच्यासारख्यांना वाट दाखवतात. वाटेत देवीचं देऊळ आलं तेव्हा त्यांनी काढलेल्या वहाणा अजून हातातच होत्या.

"टाकू नका ताई. देवीची कुत्री आहेत ती. त्यांच्या घासात आम्ही कधी हात घातला नाही."

सांबर कोसळलं. कुत्र्यांनी त्याला काठावर ओढलं. ज्या कड्याचे मी सकाळपासून फोटो काढत होते, तो तप्त लाव्ह्यातून घडला. त्याच्या माथ्यावरच्या किल्ल्यासाठी माणसं कापली गेली. उद्यानाच्या प्रवेशद्वारावरच्या फलकावर मात्र 'निसर्गरम्य' एवढंच लिहिलंय. आपण लांब उभे राहतो, म्हणून डोंगर आपल्याला शांत वाटतो.

दादा काठावरच्या एका सपाट जागेकडे बघत होते. "फाडतायत ना, तिथं आमचं खळं होतं. भात झोडायचो."

हाडं फुटल्याचा आवाज आला. दादांनी मान वळवली नाही.

"गाव उठवलं तेव्हा जंगलखात्याचे साहेब म्हणाले होते, तुमच्यामुळं जनावरांना शांतता मिळत नाही."