लिदीचा दुसरा ढीग

रशीदचाचांनी मला या शहरात उभं केलं, हे आधी लिहिते. ते गेल्याचं नंतर. दौलताबाद रस्त्याला त्यांचा तबेला आहे. चार घोड्या, आणि रविवारी घोडेस्वारी शिकायला येणारी शहरातली मुलं. मी नंदुरबारकडची. सहावीत शाळा सुटली, लग्नानंतर नवऱ्यामागं वाळूजला आले, त्यानं दुसरं घर केलं आणि मी इथंच राहिले. परत कुठल्या तोंडानं जायचं... बाईमाणसाला तबेल्यात कोण ठेवतं? चाचांनी एवढंच विचारलं, "घोड्याला भितीस का गं?" मी म्हटलं, "लई." ते म्हणाले, "मग ठीक. भीत नाय तोच लाथ खातो."

दीड महिन्यापूर्वी सकाळी मी घोड्यांचं पाणी भरत होते, तेव्हा नसीमखालांचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला. छातीत दुखतं म्हणून चाचांना दोन दिवसांपूर्वी दवाखान्यात नेलं होतं. "सुमन, तुझे चाचा गेले गं." मी फोन ठेवला आणि घोड्यांना चारा घातला. दुसरं काय करायचं ते सुचेना. सांगावं असं इथं मला कुणी नव्हतं. घोड्यांनाच सांगितलं.

चाचांची रीत वेगळी होती. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, मग घोडी पाइपानं धुवायची नाही. आधी कोरडा खरारा, मग एका बादलीत फडकं पिळून पुसायची. पावसाळ्यात कुणी कितीही म्हटलं तरी ओल्या टेकडीवर घोडा न्यायचे नाहीत. "टापेखाली गवताचं मूळ तुटतं. पुढं घोडं काय खाईल, तुझी चप्पल?" असं मुलांना विचारायचे आणि मुलं खिदळायची. सगळ्यात कडक नियम लिदीचा. लिदीचं खत करून ते फुलंब्रीच्या भानुदासरावांच्या आल्याच्या शेतात जायचं. पण घोड्यांना जंताचं औषध दिलं की पुढचे काही आठवडे लीद वेगळ्या ढिगात, भिंतीकडंला, गोणपाटाखाली. ते औषध लिदीत उतरतं आणि लीद खाणारे भुंगे मरतात, असं जनावरांच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. "हा किडा माती उकरतो, बेटा. आपलं अर्धं काम तोच करतो," ते म्हणायचे.

मागच्या वर्षी टेम्पो भरताना मला खत कमी वाटलं. गाडी अर्धी गेली तर कामात कसूर दिसेल, या भीतीनं मी दुसऱ्या ढिगातली चार घमेली त्यात टाकली. टेम्पो गेल्यावर चाचांना उकरलेला ढीग दिसला. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी फोन लावला होता. "भानुदासराव, गलती हो गई. माझ्या हातून दवाची लीद आली तुमच्याकडं. पसरू नका, उचलून नेतो." दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं फावडी घेऊन गेलो. बांधावर भानुदासराव चार माणसांसमोर म्हणाले, "चाचा, लिदीलाबी पथ्य लागलं व्हय? का आता वय झालं?"

"व्हय, झालं वय," चाचा हसले आणि फावडं मारत राहिले.

परत येताना मी रडत विचारलं, असं का केलं. ते म्हणाले, "तुझं नाव घेतलं असतं तर इम्राननं उद्या तुला काढली असती. मला कोण काढतंय?" इम्रानभाई त्यांचा मुलगा, कारभार तोच बघतो.

चाचांना काढलं नाही, हे खरं. पण महिन्याभरात इम्रानभाईंनी औषधाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडून घेतली. चाळीस वर्षं घोड्यांना स्वतःच्या हातानं औषध पाजणारा माणूस त्यानंतर कपाटाजवळ नुसता उभा राहायचा... मी खरारा करत पाठ फिरवून घ्यायचे.

चाचांना माती दिल्यावर माणसं अंगणात बसली होती. मी पाण्याचा तांब्या फिरवत होते. भानुदासराव म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. पण शेवटी शेवटी ध्यान राहत नव्हतं बिचाऱ्याचं. मला दवाचीच लीद धाडली होती." सगळ्यांनी माना हलवल्या, इम्रानभाईंनीही. मी समोर उभी होते. त्यांना पाणी दिलं आणि पुढं सरकले.

भानुदासराव, चाचांचं ध्यान शेवटपर्यंत शाबूत होतं. ती चार घमेली माझी. हे पेपरात छापून आल्यावर इम्रानभाई मला ठेवतील की नाही, माहीत नाही. या शहरात दुसरं दार मला ठाऊक नाही. तरी कागदावर लिहिणं त्यातल्या त्यात सोपं, कुणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही... चाचा, एक दिवस मी फुलंब्रीला जाईन. त्याच बांधावर, चार माणसांसमोर, माझ्या तोंडानं सांगेन. तुमचं एवढं तरी फेडीन.