दिसला नाही तर लाल

सिग्नलकाका गाडी चालवताना प्रत्येक सिग्नलकडे उजव्या हाताचं बोट रोखत आणि मोठ्याने म्हणत, "हिरवा. चला." त्या हातात पांढरा सुती हातमोजा असे. एकदा अमेरिकेतल्या पार्सिपनीत शेजारच्या लेनमधल्या माणसाला वाटलं, हा म्हातारा आपल्याकडेच बोट दाखवतोय. त्याने काच खाली करून उत्तरादाखल दुसरं बोट दाखवलं. काकांनी ते नीट पाहिलं. "पद्धत बरोबर आहे," ते म्हणाले, "बोट चुकलं."

ही सवय जपानची. तरुणपणी पुण्याच्या एका कंपनीने त्यांना सिग्नलचं काम शिकायला टोकियोबाहेरच्या एका खासगी उपनगरी रेल्वेवर पाठवलं होतं. तिथे मोटरमन सिग्नल नुसता बघत नाही. त्याच्याकडे बोट करून तो कोणता आहे हे उच्चारतो. पुढे काका अमेरिकेत आले आणि एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरवर काम करून रिटायर झाले. पण काय करत होतात असं विचारलं, की ते "रेल्वेत होतो" असंच सांगत. विमा कंपनीचं नाव मला काकूंकडून कळलं.

आम्हाला हे ऐकणं भाग होतं, कारण आम्ही त्यांच्या व्हॅनचे प्रवासी होतो. मराठी मंडळातल्या ज्या ज्येष्ठांनी ड्रायव्हिंग सोडलं होतं त्यांना काका दर शनिवारी घरोघरून उचलून कार्यक्रमाच्या हॉलवर नेत. मी अमेरिकेत नुकतीच आले होते, लायसन्स नव्हतं, म्हणून वयाची अट शिथिल करून मला घेतलं गेलं. वाटेत त्या रेल्वेचा इतिहास चाले. ती निघाली नदीतली खडी वाहून न्यायला. खडीचा धंदा बसल्यावर कंपनीने रुळांलगतची भातशेतं घेतली, घरं बांधून विकली, शहराच्या टोकाला मोठं दुकान काढलं आणि दुसऱ्या टोकाला कॉलेज आणि बाग, म्हणजे सकाळी उलट्या दिशेची गाडीही रिकामी जायला नको.

"म्हणजे रेल्वे कसली, बिल्डर होता तो," मागच्या सीटवरून डॉक्टरकाका म्हणाले. हे भूल देणारे डॉक्टर, रिटायर झालेले. काकांचा इतिहास ऐकून आपल्याला स्वतःच्या कामाची आठवण येते, असं ते सांगत.

"डॉक्टर, त्यांनी आधी प्रवासी तयार केले आणि मग डबे जोडले. तुमच्या मंडळाने आधी हॉल बुक केला आणि आता प्रवासी शोधतंय."

गाडी वेळेवर सुटे. त्या रेल्वेत गाडीला थोडा जरी उशीर झाला तरी मोटरमन माफी मागतो, आणि जास्त झाला तर प्रवाशांना ऑफिसात दाखवायला उशिराचा दाखला मिळतो, हे आम्हाला पाठ होतं. एका गणपतीला काकू मोदकांचा डबा विसरल्या म्हणून परत घरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा ड्राइव्हवे रिकामा होता. त्या शेजाऱ्यांच्या गाडीने हॉलवर पोचल्या.

"मला सोडून गेलात," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या.

"गाडी सोडून गेली. मी फक्त चालवत होतो."

काकूंनी डबा सरळ डॉक्टरकाकांच्या हातात दिला. त्या दिवशी काकांना मोदक मिळाला नाही. तक्रारही त्यांनी केली नाही. नियमात बसत होतं, म्हणाले.

मला ड्रायव्हिंग त्यांनीच शिकवलं. बोट करायला मी तयार होते, ओरडायला नव्हते. मी पुटपुटत असे.

"मोठ्याने," काका म्हणत. "मनातल्या मनात माणूस काहीही हिरवं करून घेतो."

लायसन्सच्या परीक्षेत शेजारी बसलेल्या परीक्षकाने विचारलं, कोणाशी बोलता आहात? सिग्नलशी, मी म्हटलं. त्याने मला पास केलं, बहुधा गाडीतून लवकर उतरता यावं म्हणून.

लायसन्स आल्याबरोबर काकांनी लोकल आणि एक्स्प्रेस सुरू केली. जपानच्या त्या लाइनवर धीमी गाडी मधल्या स्टेशनात बाजूला उभी राहते, मागून जलद येते, आणि घाई असलेले प्रवासी फलाट ओलांडून तिच्यात चढतात. आमचं मधलं स्टेशन म्हणजे इंडियन ग्रोसरीचा पार्किंग लॉट. लांबची माणसं मी माझ्या गाडीतून आणायची आणि तिथे व्हॅनमध्ये बसवायची.

"गुडघा बदलला, आता गाडीही बदलू?" डॉक्टरकाकांनी विचारलं.

"गाडी बदलायला भूल लागत नाही. उतरा."

याच सुमारास काकांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. चार-पाच तासांवरच्या हर्नडनहून मुलीचा, मेधाचा, रोज फोन येऊ लागला. काकू तो स्पीकरवर ठेवत.

"बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरने ड्रायव्हिंग अव्हॉइड करा सांगितलंय. प्लीज, किल्ल्या आईकडे द्या."

"अव्हॉइड म्हणजे बंद नव्हे. मला सिग्नल दिसतो तोवर गाडी माझी."

"आणि नाही दिसला तर?"

"त्याचा नियम आहे. विझलेला, झाकलेला, न दिसणारा सिग्नल लाल मानायचा."

काकू फोन ठेवून मला म्हणाल्या, "नियम लोकांसाठी असतो गं. हे मान्य करतील का, बघू."

दिवाळीच्या कार्यक्रमाचा शनिवार. ऊन समोरून येत होतं. माझी गाडी गॅरेजला होती, म्हणून मी पुढे काकांच्या शेजारी होते. चौकाजवळ त्यांनी बोट वर केलं आणि काही बोलले नाहीत. व्हॅन हळू झाली, थांबली. मागून हॉर्न सुरू झाले.

"अहो, हिरवा आहे," डॉक्टरकाका म्हणाले.

"तुम्हाला दिसला. गाडी मी चालवतोय."

बोट वरच होतं. ते कुणीकडे रोखावं, हे त्यांना कळत नव्हतं.

"मला दिसत नाही," ते शांतपणे म्हणाले. "म्हणजे लाल."

त्यांनी धोक्याचे दिवे लावले. मी सांगत गेले तसे सावकाश उजवीकडच्या पेट्रोल पंपावर वळले, इंजिन बंद केलं आणि हातमोजा काढून किल्लीसकट माझ्या मांडीवर ठेवला. मागून काकू म्हणाल्या, "आता उशीर झाला त्याची माफी कोण मागणार?" काकांनी मागे वळून सगळ्यांची रीतसर मागितली.

वसंतात काका-काकूंचं घर विकलं गेलं. व्हॅन काकांनी मंडळाला दिली, आणि मंडळाची म्हणून तिची पहिली फेरी त्या दोघांना हर्नडनला मेधाकडे पोचवण्याची ठरली. काकू वेळेआधी येऊन मागे बसल्या. काका आत होते. गॅस बंद, नळ बंद, दिवा बंद, असं एकेका खोलीतून ऐकू येत होतं. सुटायची वेळ झाली आणि टळली.

"नीघ," काकू म्हणाल्या. चेहरा अगदी सरळ होता.

मी किल्ली फिरवली नाही. त्यांनीही पुन्हा म्हटलं नाही.

काका भिंतीला हात लावत आले आणि पुढे बसले. "उशीर झाला?"

"दाखला देऊ?" काकूंनी विचारलं.

पहिल्या चौकात काकांचं बोट माझ्याही आधी वर गेलं. सिग्नलच्या बरंच डावीकडे. ते वाट बघत होते.

"हिरवा," मी म्हटलं.

"मोठ्याने," काका म्हणाले.