कझानची राणी आणि घाटकोपरची काकू

मला विमानतळावर सोडायला मोठ्या जाऊबाई मुलुंडहून अंधेरीपर्यंत आल्या, हेच खूप. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे त्यांना रशियाला जाणं जमणार नव्हतं, म्हणून समीरच्या पदवीदानाला माझी वर्णी लागली. गाडीतून उतरल्याबरोबर त्यांनी डब्यांची पिशवी माझ्या हातात दिली.

"सुधा, सांग हं त्याला, आईनं स्वतः वळलेत लाडू."

"सांगते वहिनी," मी म्हणाले. समीर माझ्या पोटचा. पण त्याची आई त्या, आणि मी काकू.

आमच्यातली ही जुनी रीत. मोठ्या भावाला मूल नाही, धाकट्याला दोन मुलगे, मग त्यातला एक त्यांना द्यायचा. सासऱ्यांनी ठरवलं, ह्यांनी मान डोलावली. दत्तकविधानात ह्यांनी उदक सोडलं तेव्हा गुरुजी म्हणाले, "यजमानांच्या हाताला हात लावा." लावला. एवढीच काय ती माझी संमती. बाळ अजून अंगावर पीत होतं. अमोलचा समीर झाला, पेढे वाटले गेले आणि नातेवाइकांत मी थोर ठरले. घाटकोपर ते मुलुंड म्हणजे काही परदेश नव्हे, पण पुढे त्याला बघायला जायचं तर मला हळदीकुंकवाचं नाहीतर गणपतीचं निमित्त लागायचं.

कझान हे वोल्गेच्या काठचं तातार लोकांचं शहर. उतरल्या उतरल्या तिथल्या कस्टमवाल्यानं माझी कुळथाच्या पिठाची पुडी फोडली, हुंगली आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी बॉम्बच आणलाय. खायचं आहे, हे पटवायला मी चिमूटभर पीठ तिथेच तोंडात टाकलं. ठसका लागला. तो हसला आणि मी सुटले.

समीर बाहेर उभा होता. उंच झालाय. वाकून नमस्कार केला आणि पहिला प्रश्न, "आईनं लाडू दिलेत ना?"

पीठ मात्र त्यानं बाजूला ठेवलं. "हे नाही गं खात मी, काकू." आमच्या थोरल्याला कुळथाची पिठी फार आवडते. धाकट्यालाही आवडत असेल, असं मीच आपलं धरून चालले होते.

तो राहतो त्या घराची मालकीण गुलनारा आपा (आपा म्हणजे थोरली ताई). तिनं आमच्यापुढे एचपोचमाक (बटाटा आणि मटण भरलेली तिकोनी करंजी) आणि चक-चक मांडलं. चक-चक म्हणजे मैद्याचे तळलेले दाणे मधात घोळवून रचलेला ढीग. आपल्या बुंदीच्या लाडवाचा भाऊ शोभेल. समीरनं माझ्याकडे हात करून काहीतरी सांगितलं, त्यात 'मामा' हा शब्द होता. तिकडे मामा म्हणजे आई, हे मी विमानातच वाचलं होतं. माझा घास तोंडातच राहिला. त्या रात्री मी सुखानं झोपले, खोटं कशाला सांगू?

पदवीदान थाटात झालं. दुसऱ्या दिवशी आपानं आम्हाला क्रेमलिनमध्ये (तटबंदीच्या किल्ल्यात) नेलं. तिथे विटांचा एक उंच मनोरा आहे, एका बाजूला चांगलाच कललेला. सुयुमबिके राणीचा मनोरा. नवरा गेल्यावर तान्ह्या मुलाला गादीवर बसवून कारभार पाहणारी ही बाई. आज पुस्तकांत ती, दुकानातल्या बश्यांवर ती, मुलींच्या नावांत ती.

आपा छाती फुगवून सांगत होती, समीर मराठीत आणत होता. "मॉस्कोच्या राजानं हिला मागितलं. शहर वाचावं म्हणून ही स्वतःहून जायला तयार झाली. कुणी म्हणतं, इथून वरून उडी घेतली."

"आणि मुलगा?" मी विचारलं.

आपाचा आवाज उतरला. समीर सांगू लागला, "खरं तर उडीबिडी काही नाही, म्हणतेय. इथल्याच सरदारांनी दोघांना मॉस्कोच्या हवाली केलं. तिथे मुलाला आईपासून तोडलं. धर्म बदलला, नाव..." तो क्षणभर थांबला. "नाव पण बदललं."

मला त्या मनोऱ्याचा राग आला. आपल्याच माणसांनी बाईला देऊन टाकायचं आणि मग ती स्वतःहून गेली म्हणून तिचे गोडवे गायचे!

आपा तिकिटं काढायला गेली तेव्हा मी धीर केला. "समीर, तू परवा मला आई म्हणालास."

"अगं काकू, त्यांना काकू, दत्तक, कुठे समजावत बसू? सोपं पडतं ना." मग माझा चेहरा बघून म्हणाला, "पण तू ग्रेट आहेस यार. आई नेहमी सांगते, काकूनं स्वतःहून दिलं तुला. केवढं मोठं मन लागतं!"

माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात आपा आली आणि फोटोसाठी तिनं आम्हाला मनोऱ्याखाली उभं केलं. फोटोत मी हसते आहे.

येताना समीरनं आईसाठी मनोऱ्याची छोटी प्रतिकृती दिली. विमानात ती मांडीवर घेऊन बसले. राणीनं आरडाओरडा केला असेल, मुलाला घट्ट धरलं असेल. ते कुणी लिहून ठेवलं नाही. स्वतःहून गेली म्हटलं की सगळ्यांचीच सोय होते. समीर तेवढं एकच शिकून मोठा झाला होता, की जन्म देणाऱ्या आईला आपण नको होतो.

मुलुंडला सगळे जमले होते, बोरिवलीच्या नणंदबाईसुद्धा. मनोरा शोकेसमध्ये गेला. जाऊबाईंनी समीरला फोन लावून स्पीकरवर टाकला. नणंदबाई म्हणाल्या, "काही म्हण, सुधानं पोटचा गोळा हसत हसत दिला. असा त्याग आजकाल कोण करतं?"

"मी दिला नव्हता," मी म्हणाले आणि फोनकडे वळले. "ऐकतोयस ना रे? माझा हात लावून घेतला होता. मी रडत होते. मला तू हवा होतास."

"काकू? काय म्हणालीस?"

ह्यांनी फोन उचलला. "प्रवासाचा शीण आहे तिला, झोप नाही झालेली," म्हणाले आणि बंद केला. सगळ्यांनी माना डोलावल्या, त्या दिवशी डोलावल्या होत्या तशाच.

मग माझ्या पर्समधला फोन वाजायला लागला. समीर.

"घेऊ नकोस, सुधा," जाऊबाई म्हणाल्या.

मी घेतला.