मार्करवाले चाचा

चूक माझीच होती. दुबईतल्या एका गोदामात मी हिशेबनीस होतो. तिथे रत्नागिरीचे एक चाचा, विलायती वर्तमानपत्रं विक्रीला जाण्याआधी, तिथल्या कायद्याप्रमाणे त्यांतल्या उघड्या बायका काळ्या मार्करने झाकायचे. अशा बायका छापाव्यात की नाही, यावर तिकडे विलायतेत वर्षानुवर्षं वाद चालला होता. आमचा गोरा मॅनेजरही चहा पिताना स्वातंत्र्यावर बोलायचा. चाचा एका फटक्यात वाद खलास करायचे.

कामाला बसताना ते चष्मा काढून ठेवत. "दिसलं तर पाप लागतं, भाऊ. अंदाजाने भागतं." त्या अंदाजात कधी बाई सुटायची आणि शेजारच्या फुटबॉलपटूच्या अंगावर काळा ब्लाउज चढायचा. मी त्यांना 'लेडीज टेलर' म्हणायचो. ते हसायचे, "माप न घेता शिवतो, हबीबी!"

त्यांच्या मुलीला बघायला शारजाहून पाहुणे आले, तेव्हा मलाही जेवायला बोलावलं होतं. मुलाच्या वडिलांनी विचारलं, "आपण काम काय करता?" चाचांच्या आधी मीच बोललो, "दिवसभर नागड्या बायका बघतात, पगारी!"

पाहुणे बिर्याणी अर्धी टाकून उठले. चाचा मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच मला सोसेना.

शुक्रवारी मी शारजाला जाऊन मुलाच्या वडिलांपुढे हात जोडले. "माफ करा, साहेब. चाचा कधीच बघत नाहीत. मार्कर लागण्याआधी ती पानं बघायला त्यांच्यामागे रांग लागते. रांगेत पहिला आमचा मॅनेजर असतो, दुसरा मी."